चौकशी खिडकीची मंजूर छटा

पाणीपुरवठा कार्यालयाच्या चौकशी खिडकीबाहेर दोन बटणं बसवण्यात आली. एकावर हसरा चेहरा, दुसऱ्यावर रडका. नागरिकाने परत जाताना आपल्या समाधानानुसार योग्य ते बटण दाबावे, अशी सूचना वर चिकटवली होती. महिनाअखेरीस रडक्या बटणाचा रंग उडाला आणि हसऱ्यावर कोळ्याने जाळं विणलं.

साहेबांनी तातडीची बैठक घेतली. नागरिक रडकं बटण का दाबतात, यावर सखोल विचारविनिमय झाला. "नळाला पाणी येत नाही म्हणून दाबत असतील," असं कनिष्ठ अभियंता बोलून गेला.

"विषयाला धरून बोला," साहेब म्हणाले. "नळ खिडकीतून दिसतो का?"

नळ दिसत नव्हता. खिडकीतून फक्त काकू दिसत होत्या. म्हणजे दोष कुठे आहे ते उघडच झालं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. पण इतिवृत्तात त्याची नोंद 'दर्शनी मुखमुद्रा सुधार उपक्रम' अशी झाली.

काकू म्हणजे चौकशी खिडकीवरच्या बाई. निवृत्तीला आलेल्या. ऐन उमेदीत नवरा गेला, मुलगा वाढवला, आणि या सगळ्यात चेहऱ्याला पावडरपलीकडे काही लावायला फुरसत झाली नाही. पण खिडकी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घरी मुलगा आणि सून कामावरून थकून येत, 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलत. खिडकीवर मात्र दिवसभर माणसांची वर्दळ. कुणी भांडे, कुणी गुडघेदुखी सांगे, कुणी लेकीच्या लग्नाचं. त्या दीड हाताच्या चौकटीपुढे काकूंना दुसरं जग नको होतं.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"काकू, गैरसमज नको. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. चेहऱ्याबद्दल आहे."

"साहेब, चेहरा जन्मापासून हाच आहे."

"तेच म्हणतोय मी. इतक्या वर्षांत काहीच सुधारणा नाही." साहेबांनी हळहळून मान हलवली. "मेकअप शिकून घ्या. तिमाहीत हसरी बटणं वाढली नाहीत, तर नाइलाजाने तुम्हाला तळघरात रेकॉर्डला बसवावं लागेल. तिथे चेहऱ्याची अट नाही."

तळघरात ना खिडकी होती ना माणूस. होती ती फक्त जुनी कागदपत्रं आणि त्यांच्यावर पोसलेली झुरळं. 

प्रशिक्षण सभागृहात झालं. एका खिडकीसाठी खर्च दाखवणं अवघड जात होतं, म्हणून रोखपालापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना बसवलं. मुखमुद्रा सल्लागार बाई पेटी घेऊन आल्या. फाउंडेशन मात्र कार्यालयाने स्वतः घेतलं होतं. माणशी वेगळी छटा घेतली तर पक्षपाताचा आरोप होईल, म्हणून सर्व कर्मचाऱ्यांच्या वर्णांची सरासरी काढून एकच छटा मंजूर केली होती: 'गव्हाळ क्रमांक तीन'. ती कुणाच्याच चेहऱ्याशी जुळली नाही. रोखपाल लावून बसला तेव्हा मिशा तेवढ्या ओळखू आल्या. काकूंनी लावली तर भिंतीला पहिला हात दिल्यासारखं दिसायला लागलं.

"मॅडम, हा रंग माझा नाही," काकू म्हणाल्या.

"मंजूर आहे ना? मग तुमचाच," सल्लागार बाई म्हणाल्या.

त्या दिवशी खिडकीवरचं एक लहान मूल काकूंना बघून किंचाळलं. त्याच्या आईने रडकं बटण दोनदा दाबलं.

घरी येऊन काकू मोरीत तोंड धूत होत्या. फाउंडेशन निघेना, डोळ्यांतलं पाणी थांबेना. सून दारात येऊन उभी राहिली. आता या सुनेला काकूंनी लग्नाच्या दिवशीच ऐकवलं होतं, "अगं, चेहरा आहे की पोळपाट? किती थापशील?" त्यामुळे मदत मागायला जीभ रेटेना. पण तळघर आठवलं आणि मान आपोआप खाली गेली.

"मला शिकवशील का गं?"

सुनेने टोमणा मारायची अशी सोन्यासारखी संधी हातची जाऊ दिली, यावरून ती गुणाची होती हे कळतं. "बसा इथे," ती म्हणाली आणि आपला डबा उघडला.

पुढचे कित्येक दिवस त्या घरात सासू-सुनेचं नातं उलटं झालं.

"अहो आई, वर बघा. वर म्हणजे छताकडे, माझ्याकडे नाही."

"डोळ्यात जातंय!"

"जाऊ दे. मिटू नका. मिटलात ना, पुसून टाका आता परत. आणि लिपस्टिक ओठांना लावायची असते, दातांना नाही."

काकूंचं काजळ एकीकडे कानाच्या वाटेला लागायचं, भुवया कधी चकित तर कधी संतापलेल्या निघायच्या. मुलगा एकदा आत डोकावला आणि "आई, कुणाशी भांडलीस?" विचारून गेला. पण हळूहळू हात बसला. सुनेने स्वतःच्या पैशांनी काकूंच्या वर्णाचं फाउंडेशन आणलं आणि फिकट विटकरी लिपस्टिक. एका सकाळी काकू आरशापुढे उभ्या राहिल्या आणि तिथेच थांबल्या. हा आपलाच चेहरा होता. फक्त बरीच वर्षं त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, त्यात त्या स्वतःही आल्या. फार छान वाटलं त्यांना, अगदी लाज वाटावी इतकं.

खिडकीवर चमत्कार झाला. "तुमचं काम होईल हं," हे वाक्य काकू नोकरीला लागल्यापासून म्हणत होत्या. पण विटकरी ओठांतून ते बाहेर पडलं की लोकांना पटायला लागलं. माणसं येत, ऐकत, हसरं बटण दाबत आणि रिकाम्या हाताने आनंदात घरी जात.

साहेबांनी आकडेवारी मांडून अहवाल लिहिला. काम होतं तेवढंच होतं, समाधान मात्र कितीतरी वाढलं होतं. अर्थात समाधानाचा कामाशी संबंध नाही, हे शास्त्रशुद्धरीत्या सिद्ध झालं. मग कामावर मनुष्यबळ वाया का घालवायचं? नळजोडणीचे दोन्ही फिटर तिथून काढून मुखमुद्रा पथकात घेतले गेले. एकाकडे ओठ आले, दुसऱ्याकडे भुवया. पान्हे भांडारात जमा झाले.

या आनंदी लोकांत एक शिंपीकाका होते. म्हातारे, एकटे, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. त्यांचा नळ कोरडा पडला होता आणि ते खालच्या नळावरून बादली बादली पाणी वर नेत. गुडघे कुरकुरत, मधल्या जिन्यात बसून घ्यावं लागे. पण खिडकीवर आले की फुलून जात.

"काकू, तुम्हाला बघितलं की बरं वाटतं. आज काय म्हणतोय माझा नळ?"

"होईल हं काम," काकूंनी म्हणायचं, त्यांनी हसरं बटण दाबायचं. असं चाललं होतं. एके दिवशी ते हाताला फडकं बांधून आले. बादलीसकट जिन्यात पडले होते. तरी हसत होते. काकूंना राहवेना. त्या उठून कनिष्ठ अभियंत्याकडे गेल्या.

"शिंपीकाकांकडे कधी पाठवताय माणूस?"

"कुणाला पाठवू? फिटर आत्ता साहेबांच्या भुवया करतोय." तो आवाज खाली आणून म्हणाला, "कुणी जाणार नाही, काकू. कुणाकडेच नाही."

काकू खिडकीवर परतल्या. "काका, ऐका. तुमच्याकडे कुणी येणार नाही. मी खोटं बोलत आले. वर जा, साहेबांच्या दारात बसा, आरडाओरडा करा."

शिंपीकाका प्रसन्न हसले. "तुम्ही इतक्या आपुलकीने सांगता ना, हेच खूप झालं. सावकाश होऊ दे." आणि त्यांचा हात हसऱ्या बटणाकडे गेला.

"दाबू नका!" काकू ओरडल्या. रांग चमकली.  मग त्या तडक बेसिनपाशी गेल्या. कार्यालयाच्या नळाला पाणी बक्कळ. सुनेने शिकवलेलं सगळं त्यांनी खसाखसा धुवून काढलं. लिपस्टिक पुसताना जिवावर आलं, पण पुसली. सुरकुत्यांसकट, काळ्या वर्तुळांसकट त्या खिडकीत येऊन बसल्या.

"काका, तुमच्या नळाला कुणी हात लावणार नाही. समजलं? तुम्हाला फसवलंय आम्ही."

या वेळी मात्र ते ऐकू गेलं. शिंपीकाकांचं हसू मावळलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, हाताच्या फडक्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं.  आता हा माणूस वर जाणार, दार ठोठावणार, असं काकूंना वाटलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

"काय बाई आहे!" शिंपीकाका रांगेला म्हणाले. "नीट बोलायची पद्धत नाही. तोंड बघा कसं करून बसलीय. रोजची ती हसरी बाई कुठे गेली हो?"

"खरंच," मागची एक बाई म्हणाली. "आमचा अर्ज मेला अडकून पडलाय, आणि वर ही असली तोंडं बघायची."

शिंपीकाकांनी रडकं बटण दाबलं. जोर लावून, दुखऱ्या हाताने. त्यांच्या मागे उभ्या रांगेने दाबलं. काहींनी तर काही न विचारताच दाबलं आणि गेले.

काकूंचा बदलीचा आदेश संध्याकाळपर्यंत टंकून तयार होता. सून चिडली, रडली, "आई, पुसलंत कशाला?" म्हणत राहिली.  काकू आता तळघरात बसतात. रोज सकाळी लिपस्टिक लावून जातात, स्वतःच्या हौसेने. ती बघायला तिथे कुणी नाही, याचं त्यांना वाईट वाटतं आणि ते त्या लपवत नाहीत.

खिडकीवर रोखपाल आला आहे. मिशा काढल्या, गव्हाळ क्रमांक तीन लावला. नजर सरावली की तोही गोड दिसतो, असं लोक म्हणतात. शिंपीकाका बादल्या वाहतात आणि न चुकता येऊन हसरं बटण दाबून जातात.

तुम्ही म्हणाल, कमाल आहे या लोकांची! आहेच. पण परवा तुम्हीही कुठल्याशा खिडकीवरून परत आलात. काम झालं नव्हतं. पलीकडचं माणूस मात्र फार छान बोललं होतं. निघताना तुम्ही कोणतं बटण दाबलंत?