रणखांब सरांचा कॉपीराइट

कळंबमध्ये झेरॉक्सच्या यंत्राला हरवणारा एकच माणूस आहे, आमचे रणखांब सर. ते गाण्यांची नोटेशनं इतक्या फिकट निळ्या पेन्सिलीनं लिहितात, की झेरॉक्स काढली तर कोरा कागद बाहेर येतो. नोटेशन म्हणजे कागदावर मांडलेलं सारेगम. पेटीवाल्यानं ते बघून वाजवायचं असतं. सरांचं मात्र आधी डोळे फोडून शोधावं लागतं.

सर आमच्या शाळेत संगीत शिकवायचे. निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेऊन घरी जातात, हे शाळेचं स्वागतगीत घेऊन गेले. "चाल माझी, कॉपीराइट माझा," हे त्यांचं पालुपद. आता ही चाल ऐकून तालुक्यातल्या कुणालाही एक जुनं सिनेगीत आठवतं. पण तसं म्हणायची सोय नाही. "सूर काय कुणाच्या बापाचे असतात का?" असं तेच उलट विचारतात.

ज्याला गीत हवं त्यानं सरांच्या घरी जायचं, मोबाईल दाराजवळच्या खुंटीवरच्या पिशवीत टाकायचा आणि त्यांच्यासमोर बसून हातानं उतरवून घ्यायचं. कार्यक्रम झाला की उतरवलेलं पानही त्यांना परत करायचं. कोर्टात नक्कल काढायला एवढा जाच नसेल.

यंदा स्नेहसंमेलन माझ्या गळ्यात पडलं. मंडप ठरला, पाहुणे ठरले, आणि पेटी वाजवणाऱ्या नव्या बाईंना नोटेशन हवं होतं. मी सरांकडे गेलो, मोबाईल पिशवीत टाकला आणि म्हणालो, "सर, शाळेच्या कार्यक्रमाला कायदा सूट देतो म्हणे. मग झेरॉक्स निघेल अशी एक प्रत तरी द्या."

पण हे गृहस्थ आधीच धाराशिवला जाऊन एका वकिलाचं डोकं खाऊन आले होते.

"देतो की सूट. शाळेतले मास्तर, पोरं अन् त्यांचे आईबाप ऐकायला असतील तर देतो. तुमचे प्रमुख पाहुणे कुणाचे पालक हायत?"

"कुणाचेच नाहीत."

"मग बसलं का कायद्यात? पाहुण्याला मंडपाबाहेर बसवा, अन् खुशाल गा स्वागतगीत."

मी गणिताचा मास्तर. पण पाहुण्याला बाहेर बसवून त्याचं स्वागत कसं करायचं, हे गणित मला सुटेना. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर सुंभच कधी धड नव्हता, नुसता पीळच होता.

माझं डोकं फिरलं. "राहू द्या तुमचं गीत," मी म्हणालो. "मोबाईलवरचं तयार गाणं लावतो. पोरी नुसते ओठ हलवतील. दरसालची कटकट तरी मिटंल." आणि पिशवीतून मोबाईल काढला.

सर उठून आत गेले आणि नोटेशनचं पान घेऊन आले.

"घ्या फोटो," ते म्हणाले. "लागतील तेवढे घ्या. पण गाणं बदलू नका."

एवढ्या वर्षांत जे कुणाला जमलं नाही ते मला जमलं होतं. मी ऐटीत पान उजेडात धरलं. तेवढ्यात सर खाली बघत बोलले.

"फोटो नेलेला माणूस परत येत न्हाय, मास्तर. हातानं उतरवणारा कुठंतरी चुकतोच. मग इचारायला येतो, चहा घेतो, घडीभर बसतो. आमची मंडळी वारल्यापासनं घरात पेटी ऐकायलाबी कुणी न्हाय."

मला वाईट वाटलं. आणि या माणसाबद्दल वाईट वाटावं, याचा रागही आला. मोबाईल खिशात टाकून मी वही उघडली. सरांनी लगबगीनं पेटी ओढली आणि एकेक ओळ वाजवून सांगू लागले. त्यांचं अक्षर वाईट, आवाज फाटलेला, आणि मध्येच थांबून कॉपीराइटवर व्याख्यान चालूच.

शेवटच्या ओळीत मी मुद्दाम दोन सूर चुकीचे लिहिले, वही मिटली आणि घरी आलो.