नऊ टक्के गाळलेली पाटी

चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय, अजून एका अक्षरावर कुणी बोट ठेवलेलं नाही, असं पेंटरकाका साऱ्या बाजाराला सांगत. त्यातली पहिली वीस वर्षं त्यांना वाचताच येत नव्हतं, एवढं मात्र सांगत नसत. गिऱ्हाईक कागदावर लिहून देई, काका चित्र काढावं तसं उतरवत. घोड्याचं चित्र काढायला घोडा थोडाच व्हावं लागतं!

पुढे काकूंनी त्यांना वाचायला शिकवलं. काकू मोठ्या बायकांचा साक्षरता वर्ग घेत. सगळ्यांत ढ विद्यार्थी त्यांना घरातच मिळाला. शिकताना काका बायकोला इतरांसारखं 'बाई' म्हणत. ती सवय सुटलीच नाही.

काकू जाऊन चार महिने झाले होते. शेवटच्या आजारात काका उशाशी बसून त्यांना पेपर वाचून दाखवत. लेकीनं ते एकदा भेटीला आली असताना फोनवर रेकॉर्ड केलं होतं, काकूंच्या बोलण्यासकट. लेक दूर, नोकरीच्या गावी. तिनं इंटरनेटवर आईच्या नावाचं पान तयार केलं आणि तो आवाज त्यावर ठेवला. रविवारी वर्गाच्या भिंतीवर काकूंची पाटी लागायची होती. तिच्यावर त्या पानाचा पत्ता असणार आणि बायका आपापल्या फोनवर काकूंना ऐकणार, असं ठरलं. काकांनी आवाज आधी ऐकला नाही. एकट्यानं ऐकायची छाती होत नव्हती.

लेकीनं पत्ता पाठवला. पत्त्याच्या शेवटी बायकोचं नाव असेल म्हणून काका बघतात, तर तीन साध्या अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधेमधे टक्क्याची खूण. खुणा मोजल्या, नऊ भरल्या. लेकीनं फोनवर समजावलं, की आपली अक्षरं पत्त्यात वाटेत फुटू शकतात, म्हणून ती अशी पुडीत बांधून पाठवायची. टक्क्याची खूण म्हणजे पुडीचा दोरा. काकांनी हूं हूं केलं. पण हातात ब्रश आल्यावर मन ऐकेना. जन्मभर त्यांनी टक्के रंगवले ते कापडाच्या दुकानावर, लाल रंगात, पुढे 'सूट'. बायकोच्या नावात नऊ वेळा सूट? त्यांनी नऊच्या नऊ गाळले. पाटी देखणी झाली.

रविवारी तीसेक बायका जमल्या. वर्गातल्या शिंपीणबाई एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागल्या, बाकीच्या फोनवर टिपू लागल्या. परीक्षेसारखी शांतता. मग तीसही फोनांवर एकच ओळ आली: पान सापडलं नाही.

पाटीवर दिवा लावायला आलेला वायरमन म्हणाला, रेंज नसेल. सगळी पलटण अंगणात गेली. तिथंही पान नाही. पाहुण्या म्हणून आलेल्या नर्सबाईंना पाटीवरचं शून्य इंग्रजी ओसारखं वाटलं. काका शिडीवर चढले आणि भर सभेत त्यांनी शून्याचं पोट बारीक केलं. शून्य उपाशी राहिलं, पान काही आलं नाही. शेवटी पाटीचा फोटो लेकीला पाठवला. तिचा लगेच फोन.

"बाबा, टक्के कुठे गेले?"

"काढले. तुझी आई काय सेलमध्ये लावायचीय?"

पलीकडे ती हसत होती की रडत, काकांना कळेना. मग ती म्हणाली, "आता पाटीला हात लावू नका. या चुकीच्या पत्त्यावर येणाऱ्यालाही आईकडेच पोचवते. दहा मिनिटं द्या."

काका शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. अक्षरओळख नव्हती तेव्हा हीच पाटी बिनचूक उतरली असती, हे त्यांच्या ध्यानात आलं. बाईंनी शिकवलं, आणि त्या शहाणपणानं त्यांनी बाईंचाच पत्ता हरवला.

दहा मिनिटांनी शिंपीणबाईंच्या फोनमधून आधी काकांचाच अडखळता आवाज आला, पेपर वाचणारा. मग दुसरा, धाप लागलेला:

"अहो, लिहिलंय तेवढंच वाचा. पदरचं घालू नका, मधलं गाळू नका."

तीस बायका काकांकडे बघत होत्या. काका उठले, पाटीकडे तोंड करून उभे राहिले.

"चुकलं, बाई," ते म्हणाले. "पुन्हा वाचतो."