अकरा धक्के आणि दोन अंडी

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे हं बाळांनो, आपल्याकडे असलं काही होत नाही, तर एका जंगलात गोजराबाई नावाची पारवी राहायची. जांभळाच्या झाडावर चार काड्यांचं घरटं आणि त्यात दोन अंडी. पिल्लं बाहेर यायला आठ दिवस बाकी होते.

त्याच झाडाला हत्ती रोज सकाळी कपाळाने तीन धक्के द्यायचे. तो त्यांचा धर्म. धक्के चुकले तर आभाळ खाली येतं म्हणे!

एका सकाळी अंडी पार घरट्याच्या काठापर्यंत घरंगळली. गोजराबाईने ती कशीबशी आत ओढली आणि खाली झेपावली.

"भीमण्णा, आठ दिवस दुसरं झाड ढकला की!" ती थोरल्या हत्तीला म्हणाली.

"छे छे! आमचे वाडवडील हेच झाड ढकलत आले."

"आणि ती तिकडे आडवी पडलेली सहा झाडं?"

"तीही आपापल्या वेळी हेच झाड होती," भीमण्णा डोळे मिटून म्हणाला.

गोजराबाई सलोखा समितीकडे गेली. सभापती होता एक अस्वल. खुर्चीत आधी त्याचं पोट बसायचं, मग तो.

"बाई, धक्के द्यायला ते मोकळे, अंडी घालायला तुम्ही मोकळ्या," तो जांभई देत म्हणाला. "श्रद्धा आहे हो त्यांची. जरा समजून घ्या."

गोजराबाईचं डोकंच फिरलं. "मग माझीही श्रद्धा आहे! ही अंडी माझे देव आहेत!"

सभापती ताडकन उठला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? अंडी म्हणालात, मला वाटलं घरगुती मामला!"

लगेच ठराव झाला, देवांचा मान राखावा. हत्ती तर मुळातच भाविक. दुसऱ्या दिवशी चाळीस हत्ती हजर.

"प्रत्यक्ष देव असताना तीन धक्क्यांवर कसं भागवायचं?" भीमण्णा म्हणाला. "अकरा देऊ!"

सभापती उद्घाटनाला आला होता. भाषण आटोपून जांभळाच्याच सावलीत उताणा पसरला होता. चौथ्या धक्क्याला घरटं सुटलं आणि थेट त्याच्या पोटावर आलं. अंडी शाबूत! गोजराबाई झेपावली आणि त्यांच्यावर बसली. काय ती ऊब! तिच्या सात पिढ्यांत असं घरटं कुणाला जमलं नव्हतं.

भीमण्णाने कपाळ सरसावलं. "देव जिथे, धक्के तिथे. सात राहिलेत."

"अहो, अहो! मला काही हक्क आहेत की नाहीत?" सभापती किंचाळला.

"आहेत ना," गोजराबाई म्हणाली. "पण श्रद्धा आहे हो त्यांची. जरा समजून घ्या."

मग काय! समितीची बैठक तिथेच, आडव्यानेच भरली. एका मिनिटात ठराव झाला. धक्के जरूर द्यावेत, पण नुसतं कपाळ टेकवून. कुणाला लागेल असे नकोत.

हत्तींनी हळूच कपाळं टेकवली. आभाळ होतं तिथेच राहिलं. आठव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. तोवर सभापती शिंकलासुद्धा नाही.

तात्पर्य: आपल्या हक्कांसाठी उगाच अर्जविनंत्या करत बसू नये. घरटं थेट सभापतीच्या पोटावर बांधावं.