पल्याड नावाचं गाव

लांजेवार काकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये. सगळे नटूनथटून लॉनच्या कमानीतून आत शिरत होते आणि काका कमानीशी थांबून सफारीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होते. चपला काढून हातात घेतलेल्या. मी विचारलं, काका, काय झालं? ते शांतपणे म्हणाले, "इथं तलाव आहे."

तिथे तलाव नव्हता. तिथे लाल गालिचा होता, पाणीपुरीचा स्टॉल होता आणि डीजे होता. पण काकांच्या जुन्या नकाशात त्या जागी निळा ठिपका होता, आणि "नकाशात आहे म्हंजे आहे" हे त्यांचं ब्रीद. ते तसेच, पाण्यातून चालावं तशी पावलं उचलत, स्टेजपर्यंत गेले, नवरानवरीला आशीर्वाद दिला आणि फोटोला उभे राहिले. त्या अल्बममध्ये आजही एका माणसाच्या उघड्या पोटऱ्या आहेत.

पुढच्या पावसाळ्यात त्याच लॉनवर पाणी भरलं आणि एका साखरपुड्याची पाहुणेमंडळी ट्रॅक्टरमधून बाहेर काढावी लागली. काका छत्री घेऊन भर पावसात आमच्या घरी आले. बसले नाहीत, चहा घेतला नाही. दारातच "नकाशात होतं" एवढं म्हणाले आणि परत गेले.

काका आमचे शेजारी. बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, नातवंडं सांभाळतात. काकांनी जुन्या मोजणीचे नकाशे जमवायला घेतले. एका इंचाला एक मैल, त्यात प्रत्येक नाला, प्रत्येक टेकडी, विहीर, देऊळ, बैलगाडीची वाट. इंग्रज साहेब हे सगळं पायी फिरून काढून गेले होते, आणि ते बरोबर आहे की नाही हे आपण पायी फिरून पाहिलं पाहिजे, असं काकांनी कधीतरी ठरवून टाकलं.

'आपण' या शब्दात मी कसा आलो ते मला आजही कळलेलं नाही. मी कोर्टात स्टेनो. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतो आणि रविवारी दुपारी झोपतो. पण माझ्याकडे जुनी का होईना एक कार होती, आणि काकांकडे नव्हती.

काकांबरोबर फिरायचं तर त्यांची भाषा यावी लागते. डावीकडे-उजवीकडे हे शब्द त्यात नाहीत. ऑटोवाल्याला ते "आग्नेयेले घे" म्हणतात आणि ऑटोवाला बिचारा पत्त्यात आग्नेय नावाची कॉलनी शोधत बसतो. चढण किती आहे विचारलं तर ते कंटूरच्या रेघा मोजतात. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी ती तपकिरी रेघ. "चारच रेघा आहे, अविनाश," असं ते पहिल्या रविवारी म्हणाले आणि मी हसत चढायला लागलो. एक रेघ म्हणजे पन्नास फूट, हे मला दुसऱ्या रेघेवर जीभ बाहेर आल्यावर समजलं.

एकदा किरनापूरच्या पुढे एका गावात नकाशाने 'पडावाची जागा' दाखवली होती. पूर्वी दौऱ्यावरचे साहेब तिथे तंबू ठोकायचे. आता तिथे एका सधन शेतकऱ्याचं अंगण होतं. काकांनी त्याच अंगणात सतरंजी अंथरली आणि डबा उघडला. घरची माणसं बाहेर आली, हातात नकाशा बघून घाबरली. नवा रस्ता आपल्या अंगणातून जाणार असं त्यांना वाटलं. पाच मिनिटांत निम्मं गाव जमिनीच्या पट्ट्यांचे कागद घेऊन आमच्याभोवती उभं. काका मात्र लोणच्याची फोड चोखत म्हणाले, पडावाची जागा आहे, आम्ही पडाव टाकला, जेवण झालं की उठू. शेवटी त्या घरच्या बाईंनी आम्हाला ताक आणून दिलं आणि सगळे आपापले कागद घेऊन घरी गेले.

घरात नकाशांचा थाट वेगळाच. नकाशाच्या शीटला बोट लावायचं नाही. दाखवायचं तर त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या, लोकरीच्या सुईने. तीन फुटांच्या आत चहा आणायचा नाही. आणि पेन्सिलीची टिकलीसुद्धा मारायची नाही. नकाशावर खूण करणं म्हणजे त्यांच्या लेखी देवाच्या मूर्तीला मिशा काढणं. शीटा सरळ राहाव्यात म्हणून त्या पलंगाच्या गादीखाली ठेवलेल्या. काकू सगळ्यांना सांगत, "या माणसापाई मले रोज सातपुड्यावर झोपा लागते."

भिंतीवर नकाशा एकच. काकांनी स्वतः, नोकरीत असताना, ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काढलेला आपला जिल्हा. अक्षर असं की छापलेलं वाटावं. काचेच्या फ्रेममध्ये होता आणि दर दिवाळीला काका ती काच स्वतः पुसायचे.

आता त्या नवरा-बायकोच्या भांडणाबद्दल सांगायलाच हवं, कारण ते चाळीस वर्षं चाललेलं होतं आणि आम्हा शेजाऱ्यांना पाठ झालेलं होतं.

काकूंचे वडील जंगल खात्याच्या डेपोवर मुन्शी होते, लांजीच्या पलीकडे डोंगरात. काकूंचा जन्म तिथल्याच एका टोल्यावरचा, म्हणजे दहा-बारा घरांच्या वस्तीतला. त्या सात वर्षांच्या असताना वडिलांची बदली झाली आणि नंतर तो टोलाही उठला. काकू त्या गावाचं नाव सांगत, पल्याड. घरापुढे एक मोठा दगड होता, बसलेल्या म्हशीसारखा. लहानपणी त्या रोज त्याला गवत घालायच्या आणि ती खात नाही म्हणून रडायच्या. ही म्हशीची गोष्ट इथपर्यंत आली की काका मधेच तोडायचे. जिल्ह्यात पल्याड नावाचं गाव नाही. नदीच्या पलीकडे ते पल्याड, अलीकडे ते अल्याड.

"पल्याड हे गाव नसते. पल्याड हे दिशा आहे."

"मंग मी काय दिशेत पैदा झाली का?" काकू विचारत.

"नकाशात नाई म्हंजे नाई."

सगळे हसायचे. काकूही हसायच्या. पण एकदा, गुडघ्यांचं दुखणं वाढल्यावर, त्या मला म्हणाल्या, "अविनाश, माणसाचं गावच नाई म्हटल्यावर माणूस आला कुठून?" तेव्हा त्या हसत नव्हत्या. डोंगर चढायचे दिवस आता संपत आले, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, पण मी ते काकांना सांगितलं नाही. त्यांना कळत नसेल असं मला वाटत होतं.

मग गेल्या हिवाळ्यात सिवनीहून एक गुंडाळी आली. काकांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने पेटी आवरताना सापडलेल्या शीटा पाठवल्या होत्या, काकांकडे असलेल्यांपेक्षाही जुन्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात उभे. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, हातात लोकरीची सुई.

"सापडलं, अविनाश," ते म्हणाले. "तुही काकू बरोबर होती."

मी गेलो. काकू पदर खांद्यावर घट्ट ओढून खुर्चीत बसल्या होत्या, निकाल ऐकायला बसावं तशा. शीट टेबलावर पसरलेली. काकांनी सुईचं टोक डोंगराच्या कुशीत, एका नाल्याच्या वळणावर ठेवलं. तिथे घरांचे चार-पाच काळे चौकोन होते आणि बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: पलियाड.

"नकाशात आहे म्हंजे आहे," काका म्हणाले. "मी चुकलो होतो."

हे वाक्य त्या घराने पहिल्यांदाच ऐकलं. काकूंनी एकदा शीटकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि उठून आत शिरा करायला गेल्या. शिरा त्यांनी टेबलावरच आणला, शीटच्या अगदी शेजारी, आणि काकांनी तो तिथेच बसून खाल्ला.

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. किरनापूर, लांजी, मग कच्चा रस्ता, मग शेवटचं गाव. तिथे गाडी लावली. पुढे नाला होता, कोरडा, आणि पलीकडे दोन रेघांची चढण. काकूंच्या एका हातात काठी, दुसरा हात काकांच्या खांद्यावर. दर पन्नास पावलांवर काका काहीतरी निमित्त काढून थांबायचे. कधी दिशा बघायची आहे, कधी बुटात खडा गेलाय. होकायंत्र त्यांनी खिशातून एकदाही काढलं नाही, हे मी पाहिलं. चढण संपत आली तसा काकूंचा श्वास आणि पाय दोन्ही घाईला आले होते. तिथे काही नसलंच तर काकूंना काय सांगायचं, याचीच मी मनात जुळवाजुळव करत होतो.

वर सागाची झाडं, पडक्या जोत्यांच्या दगडी रेघा, आणि त्यांच्या मधोमध म्हैस. खरंच म्हैस. पाय पोटाशी घेऊन बसलेली, मान जरा वळवलेली, पाठीवर शेवाळ. मी पाहतच राहिलो. काकू काठी टाकून तिच्याकडे गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग खाली वाकून मूठभर वाळकं गवत उपटलं. ते त्यांनी तिच्या तोंडापुढे ठेवलं. म्हणाल्या, "आतातरी खा." आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या.

काकांनी मला बाजूला नेलं. विहीर कुठे आहे ते बघू म्हणाले. विहीर सापडली, अर्धी बुजलेली, आणि तिच्याजवळ गुरं चारणारा एक म्हातारा. हातातला नकाशा बघून त्याने विचारलं, काय शोधताय. काका म्हणाले, पल्याड गाव.

"ये तो भैंसाटोला है, बाबूजी."

"नहीं. पल्याड है. नक्शे में है."

"मेरे दादा यहीं रहते थे. भैंसाटोला बोलते थे. वो पत्थर की भैंस है ना."

"तो दादा से भी गलती हुई होगी," काका गंभीरपणे म्हणाले.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे. ज्या माणसाचं गाव त्यालाच त्याचं नाव शिकवायचं, हे काकांच्या मानानेही जरा जास्तच झालं असं मला वाटलं. म्हातारा मान हलवत गुरांमागे गेला. मी म्हणालो, काका, तो बरोबर असेल हो.

"बरोबरच आहे थो," काका म्हणाले आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. "मले मालूम आहे. भिंतीवरच्या नकाशात भैंसाटोला मीच लिहेल आहे. माह्या हातानं. शीट आली त्याच दिवशी दोन्ही जोडून पाह्यल्या. एकच जागा."

मग पल्याड कुठून आलं?

"साहेबानं अल्याडच्या गावात उभं राहून इचारलं असन, थे कोणतं गाव. लोकायनं सांगतलं, पल्याड. त्यानं लिहून घेतलं. तुह्या काकूनंबी लहानपणी अल्याडच्या लोकायच्या तोंडून तेच ऐकलं अन् गावाचं नाव म्हणून धरलं." ते बरोबर आणलेल्या लोकरीच्या सुईने जमिनीवर रेघा ओढत होते. "चाळीस वर्षं थे मले दगडाची म्हैस सांगून राह्यली होती. अन् मी भैंसाटोला लिहून बसलो होतो. मी नावच तपासत गेलो. म्हैस ऐकलीच नाई."

त्या म्हशीची गोष्ट मीही शंभरदा ऐकली होती, आणि ऐकणं हा तर माझा धंदा. मी म्हणालो, मग काकूंना खरं नाव सांगा. त्यांना आनंदच होईल.

"काहून? मंग पुन्हा तुही काकूच खोटी ठरन." काका उठले, पँट झटकली. "आता नकाशा तिच्या बाजूनं आहे. राहू दे."

आम्ही परत गेलो तेव्हा काकू म्हशीला टेकून बसल्या होत्या. तो म्हातारा काय म्हणत होता, असं त्यांनी विचारलं.

"रस्ता इचारत होता," काका म्हणाले.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंकडे माहेरच्या कोणी बाई आल्या होत्या आणि काकू त्यांना काठीने भिंतीवरचा नकाशा दाखवत होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं. ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही; ब्लेड आडवं धरून ती हळूहळू खरडावी लागते, कागद फाटू न देता. नाल्याच्या वळणावर बोटाच्या पेराएवढी जागा पांढुरकी झाली होती. तिथे त्याच छापल्यासारख्या अक्षरात, फक्त नव्या शाईने, लिहिलं होतं: पल्याड.

काका खुर्चीत पेपर वाचत होते. वर पाहिलं नाही.

"नकाशात आहे न," काकू त्या बाईंना म्हणाल्या. "म्हंजे आहे."