किमान पंच्याण्णव

ज्याला कळत नाही त्याने एकदा विचारावं आणि ज्याला कळतं त्याने दोनदा, असं आमचे कीर्तनकार बुवा सांगतात. त्या दिवशी मी एकदाही विचारलं नाही. कारण लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर सासऱ्यांनी पहिल्यांदाच आपल्या गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली होती.

"जावईबापू, फक्त पेट्रोल भरून आणा. एक वाजता हिच्या डोळ्याची पट्टी काढायचीय."

"निश्चिंत राहा, बाबा. कुठल्या गाडीला काय पचतं ते मला बरोबर कळतं."

पंपावरच्या माणसाने विचारलं, "साधं एक्याण्णव ऑक्टेन की भारी पंच्याण्णव?"

"एक्याण्णव. वीस लिटर." जुन्या गाडीला साधाच आहार मानवतो.

पैसे देऊन झाकण लावायला गेलो, तर त्याच्या आतल्या बाजूला ठळक छापलं होतं: किमान ९५.

"आता काय होईल हो?"

"एवढं काही नाही. हे पेट्रोल वेळेआधी पेटतं. चढावर इंजिन जरा ठकठक करेल."

"आणि मग?"

"रोजच असं भरलंत, तर कधीतरी इंजिन जाईल."

मला शेवटचे दोनच शब्द ऐकू आले. बुवांनी अभंग उचलायच्या आत टाळकऱ्याने झांज हाणावी, तसलं हे पेट्रोल! आणि घरापासून दवाखान्यापर्यंत सगळा चढ. ज्या गाडीला सासऱ्यांनी नातवंडांपेक्षा जास्त अंघोळी घातल्या, तिचं इंजिन माझ्या हातून जाणार होतं.

पंपाला लागूनच एका मेकॅनिकचं गॅरेज होतं. तडक तिकडे गाडी घातली.

"टाकी रिकामी करा."

"आत्ताच भरलीत ना? मी बघितलं."

"भरली म्हणूनच."

त्याने दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नळी आणली. दोन कॅन भरले, ते डिकीत ठेवले. मग आम्ही दोघांनी ती कोरडी गाडी ढकलत पंपावर नेली, तर दारात साखळी. टँकर आला होता. तो रिकामा होईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, विक्री बंद.

घड्याळात साडेबारा. तेवढ्यात फोन.

"कुठे आहात?"

"पंपावरच, बाबा."

"अजून?"

"गर्दी आहे जरा," मी म्हणालो. पंपावर मी आणि एक मांजर होतो. देवा, क्षमा कर.

दहा मिनिटांत एक टॅक्सी येऊन थांबली. सासरे उतरले. आत सासूबाई, एका डोळ्यावर पट्टी.

"काय झालं?"

"पेट्रोल संपलं."

"तुम्हाला काय आणायला पाठवलं होतं?"

"पेट्रोल."

त्यांनी डिकी उघडली. "यात काय आहे?"

"पेट्रोल."

सासऱ्यांनी एक कॅन हलवून पाहिला. "मग संपलंय ते काय?"

मी रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं आणि झाकण उघडून दाखवलं. आता किल्ली पुढची नऊ वर्षं तरी दिसत नाही, अशी मनाची तयारी केली. पण त्यांनी माझा दंड धरून मला गाडीच्या पलीकडे नेलं आणि आवाज खाली आणला.

"अहो, हे झाकण या गाडीचं नाहीच. मागच्या वर्षी मी गाडी खांबाला घासली, जुनं तुटलं. भंगारात दुसऱ्या कुठल्या गाडीचं मिळालं ते रंगवून बसवलं. गाडीला एक्याण्णवच लागतं. आणि हे हिला कळू देऊ नका."

टॅक्सीच्या खिडकीतून आवाज आला, "पट्टी डोळ्यावर आहे हो, कानावर नाही."

आम्ही मुकाट्याने दोन्ही कॅन टाकीत ओतले. एक वाजायला दोन मिनिटं असताना दवाखान्यात पोचलो. चढभर मी इंजिनाकडे कान लावून बसलो होतो. ते काही बोललं नाही. सासूबाईंनी त्याला संधीच दिली नाही.