आलिगोतेचा जाहीर सत्कार

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. सिंह होता, ओढा होता, आणि सांस्कृतिक मंडळही होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. मंडळाचे सभासद अजून हयात आहेत.

तिथे गुंफाबाई नावाची अस्वलीण राहायची. तिच्या गुहेमागे खडकाळ उतार होता आणि उतारावर द्राक्षाची एकच वेल होती. तिची काडी एका करकोच्यानं चोचीत धरून थेट फ्रान्सहून आणली होती.

"हिचं नाव आलिगोते," करकोचा म्हणाला होता. "पांढऱ्या वाइनचं द्राक्ष. बर्गंडी नावाच्या मुलखातलं. पण तिथेही हिला फारसं कुणी विचारत नाही. सगळे त्या शार्दोने नावाच्या द्राक्षाच्या मागे. चांगली जमीन शार्दोनेला, उरलेले दगडधोंडे हिला."

"अगं बाई! मग ही जगते कशी?"

"जगते. जरा आंबट आहे, पण स्वभावानं चांगली. एकच लक्षात ठेव. हिची वाइन ताजी प्यायची. ठेवत बसायचं नाही."

वाइन म्हणजे काय, असं ज्यांना विचारायचंय त्यांनी घरी विचारावं. आणि घरच्यांनी मला फोन करू नये.

तर गुंफाबाईनं वाइन केली. वाळक्या भोपळ्यात भरली. पहिला घोट घेतला. आधी जिभेला लिंबाचा चटका बसला, मग आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर लागतं तसं गोडसर लागलं. तिला इतकं बरं वाटलं की ती गुहेत एकटीच हसली. पण एकट्यानं हसण्यात काय मजा? कुणीतरी हे प्यावं आणि 'वा' म्हणावं, असं तिला फार फार वाटू लागलं.

त्याच सुमारास सिंहमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणचाराला जाऊन आले. तिथे त्यांना शार्दोने पाजली होती. परत येताच फर्मान निघालं. सगळ्या उतारांवर शार्दोने लावायची. बाकीच्या वेली साळिंदरानं मुळापासून कुरतडायच्या.

साळिंदर दुसऱ्याच दिवशी दारात हजर.

"नमस्कार," तो म्हणाला. "कुरतडू?"

साळिंदर वाईट नव्हता हं. दात शिवशिवत, एवढंच.

गुंफाबाई धावत सुटली ती अल्पपरिचित रसास्वाद मंडळाकडे. जंगलात ज्याला कुणी ओळखत नाही अशा प्रत्येक गोष्टीचं कौतुक करणं, हे मंडळाचं काम. अध्यक्ष होते अण्णासाहेब गवा. समीक्षक होता धनेश पक्षी. धनेशाची चोच एवढी मोठी की ती कुठल्याच पेल्यात जात नसे. त्यामुळे त्यानं आजवर काहीच चाखलेलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याचं मत निःपक्षपाती मानलं जाई.

"आलिगोते!" धनेशाचे डोळे चमकले. "मी तर नावही ऐकलेलं नाही. म्हणजे थोर असणार."

मंडळानं महाराजांना गळ घातली. महाराज कबूल झाले. आलिगोतेचा जाहीर सत्कार करायचा. महाराज एक घोट घेणार. आवडली तर वेल राहील. नाही आवडली तर साळिंदर आहेच.

सत्काराला सगळं जंगल लोटलं. व्यासपीठावर भोपळा ठेवला. त्याला शाल पांघरली, समोर नारळ ठेवला. साळिंदर पहिल्या रांगेत बसला.

"बूच काढा," धनेश म्हणाला. "तिला श्वास घेऊ द्या."

बूच निघालं. गुंफाबाई पुढे धावली.

"महाराज, आधी प्या हो," ती कळवळून म्हणाली. "मग बोला काय बोलायचं ते. ही ताजीच प्यायची असते."

सभेत कुजबूज झाली. अण्णासाहेब गव्यांनी शिंगं हलवली.

"बाई, असं कसं? आधी स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, मग सत्कार, मग मनोगतं, मग अध्यक्षीय भाषण, मग आभार. रसपान सगळ्यांत शेवटी. आजवर असंच चालत आलंय."

"आजवर तुम्ही काय काय प्यायलात?"

"आजवर आभारांपर्यंतच पोचलोय," अण्णासाहेब म्हणाले.

आणि कार्यक्रम सुरू झाला. प्रास्ताविक चालू असताना आंब्यांना मोहोर आला. पाहुण्यांच्या परिचयात कैऱ्या धरल्या. धनेश आलिगोतेच्या सुगंधावर बोलायला उभा राहिला. त्याला भोपळ्यात ओल्या खडकाचा वास आला, चुन्याच्या निवळीचा आला, आणि एका न जन्मलेल्या सफरचंदाचाही आला. अण्णासाहेबांना फक्त गवताचा वास आला. "गवत! वा!" म्हणून सभेनं टाळ्या वाजवल्या.

भोपळ्याभोवती चिलटं घोंघावू लागली. साळिंदर अधूनमधून विचारी, "कुरतडू?" आणि शेजारचा ससा त्याला "श्श!" करी.

गुंफाबाईनं मधेच उठून ओरडायला नको होतं का? हवं होतं. ती एकदा उठलीही होती. पण नेमकं तेव्हाच कुणीतरी तिच्याविषयी बोलू लागलं. तिला 'उतारावरची तपस्विनी' म्हटलं. आपण उतारावर काय करतो, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. ती लाजून खाली बसली आणि तिची घाई गेली. स्तुती ऐकताना कुणाचीच घाई टिकत नाही, बाळांनो. तुमचीही टिकणार नाही.

आभार मानून होईपर्यंत खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी रुजल्या होत्या.

मग महाराजांनी घोट घेतला.

त्यांची आयाळ ताठ झाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेपटाचं आपोआप वेटोळं झालं. वाइनचं व्हिनेगर होऊन दिवस लोटले होते.

 साळिंदर उठून उभा राहिला.

"महाराजांचे डोळे भरून आले!" धनेश ओरडला.

महाराजांनी सभेकडे पाहिलं. एवढ्या भाषणांनंतर 'थू' म्हणणारा गावंढळ ठरला असता. त्यांनी आवंढा गिळला.

"वा!" महाराज म्हणाले.

मग अण्णासाहेब प्यायले आणि ठसकत "वा!" म्हणाले. ससा "वा!" म्हणून आडवा झाला. शेवटी गुंफाबाईनं चाखलं.

"अहो, ही तर..." ती म्हणाली, आणि तिला साळिंदराचे दात दिसले. "वा," ती म्हणाली.

वेल वाचली. जंगलभर आलिगोतेचं नाव झालं.

पुढच्या हंगामात गुंफाबाईनं पुन्हा वाइन केली. या वेळी ती शहाणी झाली होती. कुणालाही न कळवता ती भोपळा घेऊन सरळ महाराजांच्या गुहेत गेली आणि ताजी वाइन त्यांच्यापुढे धरली. आता कुणीतरी खरंखुरं 'वा' म्हणेल, या आशेनं ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

महाराजांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? घशात कुठे अडकतच नाही."

धनेशाला बोलावलं. त्यानं महाराजांचे डोळे तपासले. "पाण्याचा टिपूस नाही. ही आलिगोते नव्हे, महाराज. शुद्ध फसवणूक आहे."

"कुरतडू?" साळिंदर मागून म्हणाला.

गुंफाबाईच्या मनात आलं, खरं सांगून टाकावं. तुम्ही वाखाणलीत ती नासलेली होती, ही चांगली आहे. पण तुमचा 'वा' खोटा होता, असं राजाला सांगून आजवर कुणाची वेल वाचलीय? तिला उतारावरची ती दगडधोंड्यांतली वेल दिसली. तिला रडू आलं. तिनं ते गिळलं आणि हात जोडले.

"चुकलं, महाराज. हिच्यावर अजून भाषणं व्हायची आहेत."

"असं होय!" महाराजांचा जीव भांड्यात पडला. "मग आधी सांगायचं ना!"

मंडळ जमलं. अण्णासाहेब गवे उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी आपला फार वेळ घेणार नाही."

गुंफाबाईनं आपल्या हातानं बूच काढलं.

तात्पर्य : गुणांची कदर व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात गुण निघून जातात आणि कदर उरते. म्हणून बाळांनो, कदर करायची असेल तर मुळीच घाई करू नये. आणि खरोखरच चांगली वस्तू हाती लागली, तर ती दार लावून पिऊन टाकावी. मंडळाला कळवू नये.