हेतलच्या रागाचं भरीत

तनवीरच्या दंडावर दातांचे सात ठसे उमटले होते. वरचे चार, खालचे तीन. मोठ्या गटात खालचा एक दात पडलेलं मूल एकच होतं, त्यामुळे फार चौकशी करावी लागली नाही.

"या महिन्यातला हा तिसरा चावा," शाळेच्या मोठ्या बाई हेतलच्या बाबांना, भूषणला, म्हणाल्या. "पंधरा दिवस हेतलला घरी ठेवा. मग मी स्वतः बघेन. तेव्हाही हात आणि दात चाललेच, तर थेट पुढच्या जूनमध्ये आणा."

पावणेसहा वर्षांच्या हेतलला जूनचं काही वाटलं नसतं. पण महिनाभरात स्नेहसंमेलन होतं, आणि त्यात हत्तीची सोंड तिला मिळणार होती. सोंड गेली म्हणजे सगळंच गेलं.

शाळेत येणाऱ्या समुपदेशक मॅडमनी भूषणला सांगितलं, "राग आला की तिच्यावर ओरडू नका. हाताला काम द्या, तोंडाला शब्द द्या. काय झालं ते तिला सांगू द्या."

भूषणने घरी येऊन हे आपल्या वडिलांना सांगितलं. झुलालनाना म्हणजे धुळे–जळगाव रस्त्यावर पस्तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. आता एसटी नव्हती, पण हॉर्न गळ्यात राहिला होता.

"ओरडू नका म्हणजे?" नाना एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या शहनाजने, तनवीरच्या आईने, खिडकी लावून घेतली. "या घरात ओरडतं कोण? आमच्या खानदानात कोणाले राग नही शे!"

असं म्हणून त्यांनी टीव्हीचा रिमोट सोफ्यावर आपटला. त्याचं झाकण महिन्यापूर्वीच निघालं होतं, त्यामुळे फक्त सेल उडाले.

मॅडमचं म्हणणं कळलं ते नानांच्या बायकोला, सुगंधाबाईंना, तेही योगायोगाने. गच्चीवर तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या जाळावर त्या भरताची हिरवी वांगी भाजत होत्या. तेवढ्यात हेतल पाय आपटत वर आली. डोळे लाल, मुठी आवळलेल्या. तिने आजीच्या हाताकडे दातांच्या अंतरावरून पाहिलं.

"थांब," सुगंधाबाई म्हणाल्या. "मले चावून काय भेटीन? त्या वांग्याले ठेच. पण भाजू दे आधी. तवलग सांग, काय झायं?"

वांगी भाजायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं गप्प बसणं हेतलला कधीच जमलं नव्हतं. तनवीरने तिच्या हत्तीच्या चित्राला म्हैस म्हटलं होतं, असं तिने सांगितलं. मग तिचे क्रेयॉन घेतले. मग तिने मागितले तर दिले नाहीत. वांगी सोलून झाली तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. जे उरलं ते तिने बडगीत, म्हणजे भरताच्या त्या लांबट लाकडी भांड्यात, मुसळीने ठेचलं. भरीत असं झालं की नानांनी भाकरी संपल्यावर बोटं चाटली.

दुसऱ्या दिवसापासून घरात कायदाच झाला. राग आला की वांगी.

अडचण एवढीच, की पहिल्या आठवड्यात हेतलला एकोणीस वेळा राग आला.

सकाळी भरीत, दुपारी भरीत, संध्याकाळी भरिताची भजी. भूषणच्या डब्यात भरीत आणि तोंडी लावायला भरीत. "आई, आज तिला बूट घालताना राग आला तर पालकही ठेचता येतो," त्याने सुचवलं. सुगंधाबाईंनी त्याच्या डब्यात आणखी एक चमचा भरीत घातलं. मग वाटीवाटीने भरीत गल्लीत जाऊ लागलं. तनवीरच्या घरी तर रोजच, कारण चावा त्यालाच घेतला होता.

"अक्का," शहनाज चौथ्या दिवशी हात जोडून म्हणाली, "पोराची जखम भरली. आता माफी नको. भरितापायी फ्रिजमधली अंडी बाहेर काढलीत मी."

दुसऱ्या आठवड्यात मात्र राग चारवर आला. हेतल आता चावायच्या आधी सांगायची, "मला राग येतोय हं." हे ऐकून समोरचा पळायचा, आणि काम वांग्याशिवायच व्हायचं.

नानांच्या ते लक्षात आलं नाही. ते गल्लीतल्या कौतुकावर तरंगत होते. त्यांनी डेपोतल्या पंचवीस जुन्या दोस्तांना रविवारच्या भरीत पार्टीचं आमंत्रण दिलं, सावद्याच्या रस्त्यावर, त्यांच्यातल्याच सुपडूच्या केळीच्या मळ्यात. तेवढ्यावर न थांबता शाळेत फोन लावला. "बाई, पंधरा दिवस भरतात. या, आन डोळ्यानं बघा, आमची पोरगी राग कसा ठेचते!"

रविवारी बारा किलो वांगी भाजून, सोलून तयार झाली. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, सगळं मांडलं. हेतल तनवीरबरोबर केळीच्या खोडावरच्या सोपटाची सोंड करत होती.

"चल बेटा, ठेच," नाना म्हणाले.

"कशाला? मला राग नाही आला."

नाना खाली वाकले. "थोडासा आण."

"येत नाहीये."

पंचवीस माणसं भुकेली बसली होती. नानांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिची सोंड हिसकावली. "ही सोंड शे का? शेपूट दिसतंय!"

"नाना, चष्मा पुसा," हेतल म्हणाली आणि दुसरी सोंड करायला घेतली.

मग नानांनी तिचं चॉकलेट खाल्लं. ती म्हणाली, "रात्री दात घासा." शेवटी नानांनी तनवीरला बाजूला घेऊन काही समजावलं. तनवीरने नाइलाजाने येऊन तिची वेणी ओढली. नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई बांधावरून आत आल्या.

भूषणने डोळे मिटले. हेतलच्या मुठी वळल्या. तोंड उघडलं. तनवीरने सवयीने दंड झाकला.

"मला राग आलाय," हेतल म्हणाली. "वेणी सोड."

त्याने सोडली. "नानांनी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"बरं. ते सोपट दे."

"झालं?" नाना किंचाळले. "एवढंच? बारा किलो वांगी थंड व्हई ऱ्हायनी, बठ्ठे लोक उपाशी, आन हिले राग येत नही!" त्यांनी तुराट्यांच्या ढिगाला लाथ मारली. चप्पल उडाली आणि मोठ्या बाईंच्या पायाशी येऊन पडली.

हेतल उठली. तिने मुसळी उचलून नानांच्या हातात दिली आणि त्यांना बडगीसमोर बसवलं. "वांगी भाजलेलीच आहेत. मारा. पण आधी सांगा, काय झायं?"

नाना बसले. मग मुसळी पडू लागली.

"या सुपडूच्या लग्नात," धप्प, "बठ्ठ्यांले टॉवेल-टोपी दिधी," धप्प, "मले नुसता टॉवेल!"

सुपडू थक्क झाला. "झुलालभाऊ, छत्तीस वर्षं झाली! टोप्या संपल्या होत्या!"

"मंग तव्हाच सांगायचं ना!" धप्प. पण हा धप्प जरा हलका होता. सुपडूने डोक्यावरची टोपी काढून नानांच्या डोक्यावर ठेवली. बाकीची वांगी नानांनी टोपी सावरत ठेचली.

पहिला घास घेतल्यावर पंचवीस माणसांनी एकदमच दुसऱ्या पुरीला हात घातला.

मोठ्या बाईंनी हेतलला जवळ घेतलं. "उद्यापासून शाळेत ये. सोंड तुझ्यासाठी ठेवलीय." मग त्या थोड्या घुटमळल्या. त्यांनी पदर खोचला आणि आवाज बारीक केला.

"आजी, अजून एक मुसळी आहे का हो?"

सुगंधाबाईंनी काही न विचारता आणखी चार वांगी जाळावर ठेवली. हेतल बाईंच्या शेजारी मांडी घालून बसली.

"भाजायला वीस मिनिटं लागतात, बाई," ती म्हणाली. "तवलग सांगा."